मिउलिनचे लाल हात

मिउलिनचे हात मनगटापर्यंत लाल होते. मनगटाशी एक रेघ होती; रेघेच्या वर तिचं स्वतःचं पिवळसर कातडं, रेघेच्या खाली लाल. नखांच्या मुळाशी तो रंग काळपट व्हायचा. तळहातावरच्या रेषा त्यात बुडून गेल्या होत्या. बाजारात हात बघून भविष्य सांगणारा एकजण बसायचा. त्याने एकदा तिचा तळहात उलटसुलट करून बघितला आणि सोडून दिला. "वाचायला काही ठेवलंच नाहीयेस," म्हणाला. तिने पैसे पुढे केले तर घेतले नाहीत.

शुईहाउ गावात कालव्याच्या काठाला लाल कागदाचा कारखाना होता. पांढऱ्या कागदाचा ताव पाटावर पसरायचा, सरस आणि तुरटी घातलेल्या रंगात रुंद कुंचा बुडवायचा, एकदा उभा फिरवायचा, एकदा आडवा, मग ओला ताव दोन्ही हातांनी उचलून दोरीवर टाकायचा. ओला ताव हातमोजे घालून उचलता येत नाही, फाटतो. मिउलिन एकोणिसाव्या वर्षी तिथे लागली. नववर्षाला दाराच्या दोन्ही अंगांना शुभवचनांच्या लाल पट्ट्या लावतात, त्यांचा तो कागद. मधली दहा वर्षं त्याच कागदावर क्रांतीच्या घोषणा लिहिल्या गेल्या. रंग तोच होता, कुंचाही तोच. घोषणा संपल्या, पुन्हा शुभवचनं सुरू झाली. त्यालाही आता दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती.

लाल हात म्हणजे शुभ हात. गावात कुणाचं लग्न ठरलं की मिउलिनला बोलावणं यायचं. नवरीच्या गादीवर सुकी बोरं, कमळाच्या बिया आणि शेंगदाणे तिच्याच हातांनी पसरायला लागायचे, म्हणजे मुलं लवकर होतात. बाळाला महिना झाला की अंडी लाल रंगवायला तीच. "तिने नुसतं हातात धरलं तरी अंडं लाल होतंय," बायका म्हणायच्या. नवं दुकान उघडलं की दाराशी ठेवायच्या बुटक्या संत्र्याच्या झाडाला पहिला हात तिचा. सोनेरी फळांनी झाड वाकलेलं असायचं आणि ती एका फळाला बोट लावून घरी यायची.

तिच्या स्वतःच्या गादीवरही ती बोरं आणि कमळाच्या बिया पडल्या होत्या. सकाळी पाठीला टोचत होत्या, एवढं तिला आठवत होतं. नवरा चौथ्या वर्षी हद्द ओलांडून हाँगकाँगला गेला. दोन पत्रं आली. दुसऱ्या पत्रात त्याने एका दुसऱ्या बाईचं नाव लिहिलं होतं, अगदी सरळ, बाजारातून काय आणलं ते लिहावं तसं. मिउलिनने पत्र घडी करून ठेवलं आणि ती आईकडे राहायला आली. पुढे लग्नांची बोलावणी थांबतील असं तिला वाटलं होतं. थांबली नाहीत. लोकांना हात हवे होते.

जिथे बोलावणं यायचं नाही, अशी एकच जागा होती. मयत.

मयताच्या घरी पांढरं असतं. पांढरे कपडे, पांढरे कंदील, बायकांच्या केसात पांढऱ्या लोकरीचं फूल, येणाऱ्यांच्या हातात पैशांचं पांढरं पाकीट. तिथे लाल चालत नाही. लाल दिसलं की गेलेला माणूस माघारी वळतो, असं शुईहाउमध्ये मानतात. वळतो आणि मग वाट चुकतो. दारावर जुन्या वर्षाच्या लाल पट्ट्या असतील तर त्यासुद्धा ओरबाडून काढतात.

पंचवीस वर्षांपूर्वी मिउलिनचे वडील गेले तेव्हा तिला कालव्याच्या पलीकडच्या काठावर, लोंगानच्या, म्हणजे लिचीसारख्या फळाच्या, झाडाखाली उभं केलं होतं. हात बाह्यांमध्ये घालून ती तिथे उभी राहिली. पलीकडे घराच्या अंगणात माणसं वाकत होती, उठत होती. शवपेटीवर झाकण बसल्यावर पुलाच्या फळीवरून कुणीतरी हात केला, ये म्हणून. तिने वडिलांचा चेहरा बघितला नाही. रडू येईल असं धरून ती तयारीत होती, ते आलं नाही. झाडाखाली लोंगानच्या बिया पडल्या होत्या, काळ्या, चकचकीत, डोळ्यांसारख्या. त्या तिने मोजल्या. एकतीस होत्या.

आई वर्षश्राद्ध झाल्यावर म्हणाली, "माझ्या वेळी पाणी तूच घ्यायचंस."

पाणी घेणं म्हणजे मुलाने कालव्याच्या पायऱ्या उतरून पाण्यात नाणी टाकायची, वाडग्यात पाणी घ्यायचं आणि त्या विकतच्या पाण्याने गेलेल्याचा चेहरा पुसायचा. चेहरा पुसला की माणूस निघायला मोकळा. मुलगा नसेल तर मुलीने घेतलं तरी चालतं. मुलगीही नसेल तर मग पुतण्या.

"पाकतिम आहे की," मिउलिन म्हणाली.

पाकतिम तिचा चुलतभाऊ. त्याचं बाजारात मासळीचं दुकान होतं.

"पाकतिमच्या हाताला मासळीचा वास येतो," आई म्हणाली. "मला तिकडे मांजरं मागे लावून जायचं नाहीये."

दोघी हसल्या होत्या. नंतर त्यावर बोलणं झालं नाही.

आई दहाव्या महिन्यात पडली. अंगणात नर्गिसाचे कंद पाण्यात ठेवत होती. ते नेमके नववर्षाच्या सकाळी फुलले पाहिजेत, म्हणून दिवस मोजून ठेवायचे असतात. आधी फुलले तर फुकट, नंतर फुलले तरी फुकट. कंद हातात असतानाच ती एका बाजूला कलली. तिचे कान कधीच गेले होते, डोळ्यांवर पडदा आला होता. आता उजवं अंगही गेलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईने मिउलिनला बाहेर व्हरांड्यात घेतलं.

"घरी न्या. जे आवडतं ते खाऊ घाला."

"नववर्षापर्यंत?"

डॉक्टरबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "अवघड आहे," म्हणाली.

आईला हे तोंडाने सांगायची वेळच आली नाही. तिला कळलं होतं. डाव्या हाताने मिउलिनचा हात ओढून तिने डोळ्यांजवळ नेला. तिला तेव्हा माणसं दिसत नव्हती, भिंती दिसत नव्हत्या. उजेड आणि त्यात लाल तेवढं दिसायचं. "तू लाल आहेस म्हणून सापडतेस," ती म्हणायची. "बाकी सगळं पेजेसारखं झालंय."

"म्हातारे लो काय म्हणतात विचारून ये," ती म्हणाली. "माझं वय किती भरतं ते त्यांना मोजू दे."

म्हातारे लो म्हणजे गावातल्या प्रत्येक मयताचे कर्ते. पूर्वी ते न्हावी होते, ओळखीच्यांच्या दाढ्या अजूनही करायचे. जिवंत डोकी आणि मेलेली डोकी यांत फार फरक नाही, जिवंत जास्त हलतात, असं ते म्हणायचे. मिउलिन गेली तेव्हा ते ओट्यावर बसून पांढऱ्या कागदाची फुलं वळत होते.

"सत्त्याहत्तर," ती म्हणाली.

"सत्त्याहत्तर. वर एक आकाशाचं, एक धरतीचं." मेलेल्याला ही दोन वर्षं सगळेच वाढवून देतात. "एकोणऐंशी झाली."

"नववर्ष उजाडलं तर?"

"तर अठ्ठ्याहत्तर. नववर्षाला सगळ्यांचंच वय एकाने चढतं. अधिक दोन. ऐंशी." त्यांनी फूल खाली ठेवलं. "ऐंशी झाली तर लाल मयत. लाल कंदील लावू. लोक जेवून वाडगे घरी नेतील, आयुष्य वाढावं म्हणून. तू हात घेऊन खुशाल पाणी घे, कोण अडवतंय? उलट लोक म्हणतील काय नशीब म्हातारीचं!"

"आणि आधी गेली तर?"

"तर एकोणऐंशी. पांढरं." मग तिच्या हातांकडे बघत म्हणाले, "हे उतरायला किती दिवस लागतात?"

"माहीत नाही. कधी उतरवले नाहीत."

"बघ मग उतरवून."

अकरावा महिना लागला तसं तिने कारखान्यात जाणं बंद केलं. हंगाम ऐन भरात होता. फुंग मालक दारापर्यंत मागे आले. "मिउलिन, वर्षातले हे दोन महिने सोडून तू कधीही गेली असतीस तरी मी काही बोललो नसतो." ती ऐकून घेत उभी राहिली. वाईकुन तिच्या शेजारच्या पाटावर काम करायची, जिभेची तिखट. ती ओरडली, "जाऊ द्या हो मालक! तीस वर्षांनी हात धुवायला सुट्टी मागतेय बिचारी."

तिने तांदळाच्या धुवणाने हात धुतले. राखेने घासले. लिंबू, सोडा, दगड. घरात दुसरं काम आईचं तेवढंच. ते झालं की ती पायरीवर बसून घासत राहायची. पहिल्या दहा दिवसांत लालचं गुलाबी झालं. मग कातडीचे पापुद्रे निघायला लागले. नखं तळापासून पांढरी येत होती, हळूहळू, आणि टोकाला आलेला लाल भाग ती कापून टाकत होती. नखांचे ते लाल तुकडे कागदाच्या पुडीत ठेवायची. आपण ते का ठेवतोय, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

सुरुवातीला आईला हे ठाऊक होतं. मिउलिन कानाशी ओरडून सांगायची, "रंग काढतेय! तुझ्या पाण्यासाठी!" आई मान हलवायची. "घास, घास. हाताची मागची बाजू राहिली." मग अकराव्या महिन्याच्या शेवटी आईच्या डोक्यातूनही गोष्टी निघून जायला लागल्या. ओरडलेलं तिच्यापर्यंत पोचायचं, थांबायचं नाही. ती वडिलांना हाका मारायची. नर्गिसाला पाणी घातलं का, हे दिवसातून वीसदा विचारायची.

बाराव्या महिन्याच्या मध्यावर मिउलिनचे हात पांढरे झाले. ती पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणाचे तरी असावेत, सांभाळायला दिलेले, तसे दिसत होते. तळहातावर रेषा होत्या. बाजारात गेली तर कोथिंबीरवाली तिच्याकडे न बघता म्हणाली, "काय हवंय बाई?" गेली बारा वर्षं मिउलिन तिच्याकडून कोथिंबीर घेत होती. त्याच आठवड्यात गल्लीत एक लग्न होतं. गादीवर बोरं पसरायला दुसऱ्या कुणाला तरी नेलं. मिउलिनला वाईट वाटायला हवं होतं. तिने कोथिंबीर निवडली.

लग्नाच्याच दिवशी संध्याकाळी तिने पेजेचा चमचा आईच्या ओठांशी नेला. आईने तोंड मिटून घेतलं.

"कोण ग तू?"

"आई, मी! मिउलिन!" ती कानाशी ओरडली.

आईने डाव्या हाताने तिची बोटं चाचपली, डोळ्यांजवळ नेली, इकडे तिकडे फिरवली. "दवाखान्यातून आलात का?" ती आदबीने म्हणाली. "कष्ट पडले तुम्हाला. ठेवा तिथे. माझी मुलगी येईल कारखान्यातून, ती भरवेल."

'तुम्हाला' हा शब्द मिउलिनच्या कानात बसला. आईने तिला आयुष्यात शिव्या दिल्या होत्या, एकदा फुंकणीने मारलंही होतं. तुम्ही कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. घास पुढे केला की तोंड मिटायचं. जबरदस्ती केली तर आई बाजूला थुंकायची आणि माफी मागायची. "राग मानू नका. मुलीला वाईट वाटेल. तिच्या हातानेच खायची सवय आहे मला." मिउलिनने एक युक्ती केली. लाल कापड हातांना गुंडाळलं आणि पलंगाशी बसली. आईचा चेहरा वळला, उजेडाकडे झाडाची डहाळी वळावी तसा. मग तिने कापडाला हात लावला आणि तिचं तोंड पुन्हा मिटलं. "कापड आहे," म्हणाली. "सरसाचा वास कुठेय? फसवू नका म्हाताऱ्या माणसाला."

तीन दिवस गेले. आई पाण्यात भिजवलेला कापूस तेवढा चोखायची, तोही झोपेत असताना. जागी असली की डोळे दाराकडे. "उशीर झाला तिला," म्हणायची. "हंगाम आहे ना."

बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी चुलीचा देव स्वर्गात जातो. वर जाऊन त्याने घरातलं गोडच सांगावं म्हणून त्याच्या तोंडाला चिकट साखर लावतात. मिउलिनने ती लावली आणि ती म्हाताऱ्या लोंकडे गेली. पाकतिमही तिथेच होता, दाढी करून घ्यायला आलेला, अर्ध्या गालावर साबण.

तिने सगळं सांगितलं. आवाजात चढउतार नव्हता, दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं. लो वस्तरा हातात धरून ऐकत राहिले.

"लाल केले तर खाईल?"

"खाईल."

"आणि सात दिवस काढेल?"

"माहीत नाही. नाही खाल्लं तर नक्कीच काढणार नाही."

"मग कर लाल," पाकतिम साबणातून म्हणाला. "खाऊन ऐंशी गाठेल म्हातारी! चिवट आहे."

"तू गप. कापलं जाईल," लो म्हणाले. वस्तरा त्यांनी पट्ट्यावर पुसला. "खाऊनही नववर्षाच्या आधी गेली तर? मग तुझे हात लाल, आणि मयत पांढरं. सात दिवसांत हे उतरत नाही. तू आत्ताच बघितलंस."

"एकच हात लाल केला तर?" तिने विचारलं. "डाव्या हाताने भरवीन. उजवा राहू देते तसाच."

लोंनी वस्तरा मिटला. त्यांना खरंच विचार करावा लागत होता, हे तिला दिसलं.

"पाणी दोन्ही हातांनी घ्यायचं असतं," ते शेवटी म्हणाले. "वाडगा दोन्ही हातांनी धरतात. तुझ्या एकटीसाठी मी एका हाताचा नियम केला, तर उद्या सगळं गाव माझ्या दारात."

"बरं," मिउलिन म्हणाली.

"मिउताई," पाकतिम म्हणाला, आता जरा हळू, "मी आहेच. मासळीचा वास काढीन मी. आलं चोळलं की जातो."

घराकडे न वळता ती कालव्याच्या काठाने सरळ पुढे गेली. घर डाव्या हाताला दिसत होतं. दोन पांढरे हात तिच्या बाजूंना लोंबत होते. दोन महिने तिने ते कमावले होते. त्यांच्याकडून एकच काम करून घ्यायचं होतं, आणि ते काम ज्या दिवशी येणार होतं त्या दिवशी आईला तिची गरज असणार नव्हती. आज होती. एवढाच विचार तिला आला, आणि तोही पायांच्या तालावर आला. त्यात दुःख घालायला जागा नव्हती.

कारखान्यात दोऱ्या तावांनी भरल्या होत्या. आत शिरलं की सगळ्यांचे चेहरे लालसर दिसायचे. वाईकुनने मान वर केली.

"आलीस? सुट्टीत कंटाळलीस वाटतं! आण बघू हात. अगंबाई, काय गोरे झालेत, नवरीचे हात! बाह्यांत घालून ठेव, कुणाची दृष्ट लागेल."

मिउलिनने बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात रंगाच्या टोपात मनगटापर्यंत घातले. रंग गार होता. तिने ते तसेच धरून ठेवले. वाईकुनचं हसणं मध्येच थांबलं. सोललेल्या कातडीला तुरटी झोंबत होती. मिउलिन त्या झोंबण्याकडे लक्ष देऊन होती, बऱ्याच दिवसांनी स्वतःचं असं काहीतरी लागत होतं.

"तुझी आई?" वाईकुनने विचारलं.

"जेवायची राहिलीय."

वाईकुनने टोप तिच्याकडे आणखी सरकवला. "अंगठ्याच्या बेचक्यात नीट लाव," म्हणाली. "तिथे आधी उडतो."

घरी येईपर्यंत हात वाळले. तिने पेज गरम केली, त्यात मिठात मुरवलेल्या अंड्याचा बलक कुस्करला, चमचा पुढे नेला. आईचा चेहरा वळला. तिने हात पकडला, डोळ्यांशी नेला, मग नाकाशी.

"आलीस," ती म्हणाली. "किती उशीर!"

"हंगाम आहे," मिउलिन ओरडली.

"भूक लागली की ग मला."

आईने अर्धा वाडगा खाल्ला. हनुवटीवर ओघळ आला तो मिउलिनने अंगठ्याने पुसला. खाऊन झाल्यावर आई हळूच म्हणाली, "दिवसा एक बाई येते. तिला पाठवू नकोस आता. चांगली आहे, पण हात फार गार आहेत तिचे."

"नाही पाठवणार."

"तिला काही बोलू नकोस हं. गरीब वाटली."

त्यानंतर पाच दिवस आई खात राहिली. मिउलिन रोज सकाळी कारखान्यात जाऊन हात बुडवून यायची, रंग ताजा राहावा म्हणून. हात लावून तपासायची सवय आईला लागली होती. चमच्याआधी हात. कधी कधी ती नुसता हात धरून झोपायची, आणि मिउलिन एका जागी बसून खिडकीतल्या नर्गिसाकडे बघायची. कळ्या वर आल्या होत्या, हिरव्या आवरणात अजून मिटलेल्या. दिवस बरोबर मोजलेले होते. आईने अर्धवट सोडलेलं ते एकच काम वेळेवर होणार होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी आईने तीन चमचे पेज घेतली. चौथा तोंडात राहिला. मिउलिनने तो बोटाने काढून घेतला, हनुवटी पुसली, उशी सरळ केली. बाहेर गल्लीत मुलं शिडीवर चढून दारांच्या लाल पट्ट्या लावत होती. डावी वर गेलीय, उजवी खाली घे, असं चाललं होतं. तो सगळा कागद मिउलिनच्याच कारखान्यातला होता. थोडा वेळ ती ऐकत बसली. मग उठून तिने स्वतःच्या दारावरच्या गेल्या वर्षीच्या पट्ट्या नखाने खरवडून काढल्या. दोन दिवस कमी पडले होते.

वर्ष संपायच्या आत सगळं आटपायला हवं होतं. म्हातारे लो त्याच दुपारी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी आली. मिउलिनने केसात पांढऱ्या लोकरीचं फूल खोचलं. तिला कुणी काही सांगितलं नाही. ती आपणहून फळीवरून पलीकडे गेली आणि लोंगानच्या झाडाखाली उभी राहिली, हात बाह्यांमध्ये. थंडीचे दिवस होते, झाडाखाली बिया नव्हत्या.

पाकतिम पायऱ्या उतरला. पांढरे कपडे त्याला पोटावर घट्ट होत होते. त्याने नाणी टाकली. वाडगा दोन्ही हातांनी धरून पाणी घेतलं, वर बघितलं, पलीकडे तिच्याकडे. मग वाडगा सांभाळत अंगणात गेला. माणसांची पाठ आड आली. ती वाट बघत राहिली. एवढा वेळ लागत नाही, हे तिला वडिलांच्या वेळेपासून माहीत होतं.

थोड्या वेळाने म्हातारे लो फळीवरून येताना दिसले. फळी हलत होती, म्हणून ते सावकाश येत होते. झाडाशी येऊन त्यांनी श्वास घेतला.

"हनुवटीवर लाल आहे," ते म्हणाले. "अंगठ्याएवढं. आणि गालाच्या खाली चार बोटं. पाकतिमने तीनदा पुसलं. निघत नाही."

"तुरटी असते त्यात," मिउलिन म्हणाली. "पाण्याने निघत नाही."

"कधीचं?"

"रोजचंच. शेवटचं काल सकाळचं."

लोंनी मान हलवली. पलीकडून एक म्हातारी मोठ्या आवाजात सांगत होती की असं पाठवू नका, लाल बघून माघारी येईल, घर धरून बसेल. पाकतिम तिला काहीतरी समजावत होता.

"राखेने घासलं तर जाईल," लो म्हणाले. "कातडी मऊ असते या वेळी, थोडी सोलवटेल. तू सांग."

इतक्या वर्षांत तिला कुणी असं विचारलं नव्हतं. तिने बाह्यांमधून हात बाहेर काढले आणि त्यांच्याकडे बघितलं. सकाळी कारखान्यात जायचं राहिलं होतं. तरी रंग पक्का होता.

"घासू नका," ती म्हणाली. "दुखेल तिला."

लो फळीवरून परत गेले, तसेच सावकाश. ते वाकलेले तिला दिसले. त्यांनी पांढरं कापड वर ओढून आईच्या हनुवटीवर नीट खोचलं, न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गळ्याशी खोचावं तसं. त्या म्हातारीला ते काहीतरी म्हणाले, ती गप्प झाली. मग झाकण बसलं. पुलाच्या टोकाशी येऊन पाकतिमने हात केला. मिउलिन निघाली.

टेकडीवर दफन करून परत आल्यावर दाराशी पितळेच्या परातीत पपनसाची पानं घातलेलं पाणी ठेवलं होतं. मयताहून आलं की त्यात हात धुवायचे, म्हणजे तिथलं काही अंगाला लागून घरात येत नाही. सगळ्यांनी धुतले. पाकतिमने धुतले, म्हातारे लोंनी धुतले, ती मोठ्याने बोलणारी म्हातारीही धुऊन गेली. मिउलिन शेवटी वाकली. पाण्यात हिरवी पानं तरंगत होती. तिने हात आत घातले, पानांनी ते वरून खालून चोळले आणि बाहेर काढले. होते तसेच निघाले.